चढाची सोबतीण : विजेची सायकल

मैत्रिणींनो, घरात सायकल असणं निराळं आणि बाईची स्वतःची सायकल असणं निराळं. शाळेत असताना आपल्यापैकी कितीतरी जणींनी सायकल चालवली असेल. खेड्यापाड्यांतल्या मुलींची शाळा अंतरापायी सुटू नये म्हणून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहे. मुलगी सायकलीवर शाळेत जाते याचं सगळ्यांना कौतुक. पण लग्न झालं की सायकल माहेरच्या ओसरीवर राहते. सासरी वाहन म्हणजे यजमानांची मोटारसायकल. आपण मागच्या सीटवर, नाही तर रिक्षात. औरंगपुऱ्यात भाजीला जायचं म्हटलं तरी "तुम्हाला वेळ कधी आहे?" असं विचारणं आलंच.

अलीकडे शाळेत, भिशीत, हळदीकुंकवाला एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "साधी सायकल जमत नाही, स्कूटरची भीती वाटते. मग ही विजेची सायकल घ्यावी का हो?" मी स्वतः दोन वर्षं गियरची सायकल चालवून गेल्या वर्षी विजेच्या सायकलीवर आले. तेव्हा वापरून जे कळलं आणि वाचून, विचारून जे समजलं, ते आज सगळं एकत्र सांगते.

आपलं गाव सपाट नाही

जालना रोडवरून मोटारीतून जाताना आपलं शहर अगदी सपाट वाटतं. सायकलीवर बसलं की खरं कळतं. उत्तरेला विद्यापीठामागचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याची रांग आणि मध्ये आपण, असं हे खोलगट ताट आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरानं या गावाला पाणी आणलं ते पंप नसताना. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी नहरांतून नुसत्या उतारानं गावात उतरवलं. पाणचक्कीचं पाणीसुद्धा असंच हर्सूलच्या बाजूनं खाली येतं. आता जो उतार पाण्याच्या सोयीचा, तोच उलट दिशेनं जाणाऱ्या सायकलीला चढ, हे ओघानंच आलं.

मी सिडकोतून निघते. टी. व्ही. सेंटर, दिल्ली दरवाजा, टाऊन हॉल, मकई दरवाजा, पुढे बेगमपुरा, आणि त्याच्याही पलीकडे माझी शाळा. जाताना सात किलोमीटर, येताना सात. खाम नदीवरचा पूल ओलांडला की रस्ता वर चढू लागतो. चढ काही मोठा नाही, पण सकाळचा डबा, पाणी, आवराआवर सगळं करून निघालेल्या बाईला तो पुरतो.

सायकल होती आमच्या धाकट्या भाऊजींची. ते नोकरीला पुण्याला गेले आणि ती जिन्याखाली धूळ खात पडली. जाड टायरांची, सरळ हॅण्डलची, एकवीस गियरची. पोरं तिला 'रेंजर' म्हणतात. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खड्डे, खडी, चिखल, कशालाच ती डगमगत नाही. पण ती डोंगरवाटांसाठी बेतलेली. तिला चेनकव्हर नाही, म्हणून सलवारीचा पायचा दर दोन दिवसांनी काळा. मडगार्ड नाही, म्हणून पावसात पाठीवर चिखलाची नक्षी. कॅरिअर नाही, टोपली नाही. मधली दांडी उंच, म्हणजे साडीचा दिवस असला की रिक्षा ठरलेली. शिवाय जाड, खाचांचे टायर डांबरावर जड चालतात, ते वेगळंच. आठवड्याच्या पाच दिवसांत दोन दिवस सायकल आणि तीन दिवस रिक्षा, असा माझा हिशेब पडत असे. एप्रिल-मेच्या उन्हात तर पाचही दिवस रिक्षाच.

ही सायकल चालते कशी?

विजेची सायकल म्हणजे छोटी स्कूटर नव्हे. ती सायकलच आहे. पायडल आहे, चेन आहे, ब्रेक आहेत. मागच्या चाकाच्या मधोमध डब्याएवढी मोटार असते आणि दांडीवर किंवा कॅरिअरखाली बॅटरी. आपण पायडल फिरवू लागलो की मोटारीला कळतं आणि ती हात लावते. पाय थांबवले की ती थांबते. ब्रेक दाबला की मोटार लगेच बंद व्हावी अशीही सोय चांगल्या सायकलीत असते. मदत किती हवी ते हॅण्डलवरच्या बटणानं ठरवायचं. सपाटीला एक नंबर, चढाला तीन नंबर, मनात आलं तर शून्य. काहींना स्कूटरसारखी मूठही असते. ती पिळली की पाय न हलवता सायकल पुढे जाते.

मदत किती, याचा अंदाज घ्यायचा तर असा. सराव नसलेलं निरोगी माणूस पायडलवर बराच वेळ टिकेल असं बळ लावतं ते साधारण ७५ ते १०० वॅट. या सायकलींची मोटार असते २५० वॅटची. म्हणजे चढावर दोन-तीन मैत्रिणींनी मागून कॅरिअर धरून ढकलावं, तसा तो भास असतो. पहिल्या दिवशी जरा दचकायला होतं. म्हणून पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात किंवा कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर, एक नंबरवरच सराव करावा.

परवाना लागतो का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटार २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे लायसन्स नको, नंबरप्लेट नको, दरवर्षीचा विमा नको. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक मात्र हवा, ब्रेक चांगले हवेत. "ताई, वायर काढून देतो, चाळीसनं पळेल," असं कोणी म्हणालं तर हात जोडावेत. सायकल एकदा पंचवीसच्या पुढे पळवली की ती कायद्यानं मोटार वाहन होते आणि कागदपत्रांवाचून आपण रस्त्यावर उघड्या पडतो.

"मग व्यायाम कसला?"

आता घरातला मुद्दा. सायकल आली त्या संध्याकाळी आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पायच मारायचे नाहीत तर सायकल कशाला म्हणायची हिला?" शेजारच्या काकूंनीही तेच म्हटलं, जरा निराळ्या शब्दांत. तुमच्याही घरी कोणी तरी म्हणेलच. म्हणून उत्तर तयार ठेवा.

पाय मारावे लागतातच. फरक एवढाच, की धाप लागेपर्यंत मारावे लागत नाहीत. युरोपातल्या सात शहरांत केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. विजेची सायकल वापरणारे आणि साधी वापरणारे यांच्या शरीराला होणारी एकूण हालचाल त्यात जवळजवळ सारखीच भरली. कारण अगदी साधं आहे: मदत मिळाली की माणूस जास्त लांब जातो. जर्मनीत तर २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या सायकलींत निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. ती माणसं काही आळशी म्हणून प्रसिद्ध नाहीत.

पण माझं उत्तर याहून वेगळं आहे, आणि ते या अभ्यासात नाही. दमून घरी येणं हे ज्याला घरी आल्यावर खुर्चीत बसून चहा मिळतो, त्याच्यासाठी व्यायाम. आपल्याला घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू करायची असते. कणीक भिजवायची, मुलांचा अभ्यास, धुणं, आणि त्या दिवशी नळाला पाणी असेल तर ते भरणं. आपल्या शहरात पाण्याचा दिवस कसा सांभाळावा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. रेंजर होती तेव्हा मी चार वाजता घरी येऊन अर्धा तास भिंतीला पाठ टेकून बसत असे. आता तो अर्धा तास माझा आहे. त्या वेळात मी वह्या तपासते, कधी नुसती मासिक चाळते. चढावर वाचवलेलं बळ आपल्याच कामी येतं. ते उरावं अशी इच्छा धरणं म्हणजे आळस नव्हे.

गुडघे किंवा कंबर दुखत असेल, नुकतं बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. मोटार मदत करते खरी, पण खड्ड्यातला हादरा ती घेत नाही.

पैशांचा खरा हिशेब

दुकानदार सांगतात, "दोन-तीन रुपयांत दिवसभर फिरा." हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. पुरता हिशेब मांडू या.

माझ्या सायकलीची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची. दोन्हींचा गुणाकार ३६०. म्हणजे एकदा पूर्ण भरायला जेमतेम चार दशांश युनिट वीज. पायडल मारत चालवलं तर यात तीसेक किलोमीटर होतात. महिन्याला माझं तीनशे किलोमीटर जाणं होतं आणि विजेच्या बिलात साधारण चाळीस रुपयांची भर पडते. हा झाला दुकानदाराचा हिशेब.

आता गृहिणीचा. सायकल पडली ३२,००० रुपयांना. बॅटरी काही जन्माला पुरत नाही. नीट वापरली तर तीन-चार वर्षं, मग नवीन. तिच्यासाठी दरमहा २५० रुपये वेगळे काढून ठेवते; चार वर्षांत त्याचे १२,००० होतात. दुसऱ्या बाजूला आठवड्यातले तीन दिवस रिक्षा सुटली. जाऊन-येऊन ८० रुपयांप्रमाणे महिन्याचे साधारण हजार रुपये वाचले. हजारातून बॅटरीचे अडीचशे आणि विजेचे चाळीस गेले, उरले ७१०. या दरानं बत्तीस हजार फिटायला पावणेचार वर्षं लागतात. शाळेला सुट्टी असते ते महिने धरले तर चार वर्षांच्या वर.

म्हणजे बघा, ज्या बाईचं साध्या सायकलीवर रोज भागतंय, तिला या सायकलीत पैशाचा फायदा मुळीच नाही. तिनं घेऊ नये. जिची रिक्षा पाचही दिवस आहे, तिचे पैसे दीड-दोन वर्षांत वसूल होतील. तिनं जरूर विचार करावा. आणि माझ्यासारखी अधली-मधली असेल, तिनं पैशांबरोबर वेळही मांडावा. रिक्षा भरेपर्यंत थांबणं, यजमानांची वाट पाहणं, कोणी तरी सोडेल म्हणून एखादं काम पुढे ढकलणं, याला पैशांचा रकाना नसतो, पण ते खर्चातच जमा असतं. मी अर्धवेळ शिकवते. माझा पगार घरात 'वरखर्चाचा' म्हणून ओळखला जातो. त्या वरखर्चातून मी ही सायकल घेतली आणि पावती माझ्या नावावर केली, हे इथे मुद्दाम लिहिते.

घेताना काय पाहाल?

१. मधली दांडी खाली वाकलेली, 'लेडीज' पद्धतीची घ्यावी. साडीवर, ड्रेसवर दोन्हींवर चढता-उतरता येतं. दुकानात बऱ्याचशा सायकली रेंजरच्या घाटाच्या दिसतील. पोरांना त्या आवडतात म्हणून आपण घेऊ नयेत.

२. चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, टोपली आणि साडीगार्ड बसतं का, ते आधी विचारावं. मागच्या चाकात मोटार असल्यामुळे कॅरिअर नंतर बसवताना कधी कधी अडचण होते.

३. सायकल उचलून पाहावी. साधी गियरची सायकल चौदा-सोळा किलोची. ही वीस ते पंचवीस किलोची असते. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल, तर सायकल खालीच राहणार. तेव्हा बॅटरी कुलूप काढून वर नेता येईल अशीच हवी.

४. पंक्चर कोण काढणार ते विचारावं. चाकाला वायर जोडलेली असते म्हणून कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आधी बिचकतो. चाक न उतरवता नुसती ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावता येतं, हे त्याला सांगितलं की काम होतं.

५. बॅटरीची वॉरंटी किती, नवीन बॅटरी कितीला आणि ती याच शहरात मिळते का, हे पावतीवर लिहून घ्यावं. पुण्याला बनणाऱ्या सायकली आहेत, लुधियानाच्या आहेत. माल कुठलाही असो, दुरुस्ती गावात हवी.

६. जुनी सायकल चांगली असेल तर तिलाच मोटार आणि बॅटरी बसवून देणारे कारागीर आहेत. खर्च कमी येतो. पण ब्रेक तेच जुने राहतात. वजन आणि वेग वाढला की ब्रेकही वाढीव हवेत. बॅटरीवर बनवणाऱ्याचं नाव नसेल, तर तो स्वस्तपणा घरात आणू नये.

आणि एक, दुकानात स्वतः चालवून पाहावी. मी गेले त्या एका दुकानात माणूस माझ्या प्रश्नांची उत्तरं शेवटपर्यंत माझ्या यजमानांकडे बघून देत होता. आम्ही तिथून निघालो आणि दुसरीकडे घेतली. तुम्हीही तसंच करावं.

बॅटरीची निगा

ही बॅटरी मोबाइलच्याच जातीची, फक्त कितीतरी मोठी. म्हणून काळजीही मोठी. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली अशा लिथियम बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ माणसं दगावली. घाबरवायला सांगत नाही. स्वयंपाकघरातला गॅस आपण रोज सांभाळतोच की! तसेच याचेही नियम आहेत.

सायकलीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. रात्री लावून झोपू नये. आपण जागे आणि घरात असताना लावावा. गादी, सोफा, कपड्यांचा ढीग यांवर बॅटरी ठेवू नये, फरशीवर ठेवावी. बाहेर पडायच्या दाराशी आणि जिन्याखाली नको, गॅसजवळ तर नकोच नको. बॅटरी फुगली, आपटली, तिला वास येऊ लागला किंवा ती हाताला फार गरम लागली, तर पुन्हा चार्ज न करता दुकानात दाखवावी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगते. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या सायकलीची बॅटरी तापून निघते आणि तिचं आयुष्य कमी होतं. उन्हातून आल्याबरोबर चार्जर जोडू नये. अर्धा तास सावलीत निवू द्यावी. रोज शंभर टक्के भरायची आणि पार शून्यावर आणायची, असंही करू नये. वीस ते ऐंशीच्या मध्ये खेळती ठेवली तर जास्त टिकते. सुट्टीत माहेरी जाताना निम्मी भरून, काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवून जावी. पावसात चालवायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यातून नेऊ नये आणि पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊ नये. ओल्या फडक्यानं पुसली की पुरे.

आणि डोक्यावर हेल्मेट. कायदा म्हणो न म्हणो. जालना रोड टाळून सिडकोतले आतले रस्ते धरावेत. दोन मिनिटं जास्त लागतात, पण जीव धास्तावत नाही. ओढणी मागे गाठ मारून, पदर खोचून मगच टांग टाकावी.

भिशीची एक कल्पना

२०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. देशभर त्याची चर्चा झाली. एकगठ्ठा घेतलं की भाव पडतो आणि कर्जही सवलतीत मिळतं, एवढंच त्यातलं मर्म. पुढे २०२२ मध्ये हीच कल्पना इथल्या मंडळींनी विजेच्या मोटारींसाठी वापरली.

आता हे मर्म आपल्याला का नवीन आहे? भिशी आपण किती वर्षं लावतो! आठ जणींनी दरमहा चार-चार हजारांची भिशी लावली तर दर महिन्याला एकीच्या दारात बत्तीस हजारांची सायकल येते. आठ महिन्यांत आठ सायकली. सुरुवातीलाच दुकानदाराला आठ जणींची यादी दाखवली तर भाव कमी होईल, टोपली-कॅरिअर फुकट मिळेल, शिवाय एका वाड्यात आठ सायकली आहेत म्हटल्यावर दुरुस्तीचा माणूसही वेळेवर येईल. भिशीच्या पैशातून मिक्सर आला, पडदे आले, नणंदेच्या लग्नाचा आहेर झाला. एखादी भिशी आपल्या पायांसाठी लागली तर काय बिघडलं?

जुन्या सायकलीचं काय करायचं, तेही विचारून घेते. मोडीत घालू नका. आमची रेंजर आता रविवारी दौलताबादच्या रस्त्याला यजमान आणि मुलगा घेऊन जातात. डोंगरासाठीच ती बेतलेली होती. तिला तिची वाट मिळाली.

तुमच्या गावात विजेची सायकल कोणी वापरत असेल, तर तिचा अनुभव, खर्च, अडचणी पत्रानं जरूर कळवा. विशेषतः दुरुस्तीचं काय होतं ते लिहा. पुढच्या वेळी उन्हाळा तोंडावर येईल, तेव्हा माठ, वाळा आणि कुरडयांचा चीक यांबद्दल बोलू.